९१ दिवसांत कारवी फुलत नाही

एचबीओ मॅक्स आणि नेटफ्लिक्स या दोन कंपन्यांत कोणती मालिका जगवायची आणि कोणती थांबवायची हे ठरवणाऱ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्यात राहते. ३१ वर्षं अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमचा धंदा मला कळत नाही आणि कळतो असा आवही आणायचा नाही. पण अळी, कोष, बुरशी, पराग, परजीवी यांतलं थोडंफार कळतं, आणि तुम्ही दोघांनी मिळून जी मालिका अर्ध्या वाटेवर सोडलीत ती नेमकी याच गोष्टींची होती. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण भांडायचं तर आपल्या भाषेत भांडावं. भाषांतर करणारी माणसं तुमच्या पदरी भरपूर आहेत.

'स्कॅव्हेंजर्स रेन' या अ‍ॅनिमेशन मालिकेबद्दल बोलते आहे. तुमच्यापैकी काहींना नाव आठवायला क्षणभर लागेल म्हणून सांगते. बारा भाग, प्रत्येकी साधारण पंचवीस मिनिटांचे. १९ ऑक्टोबर २०२३ ला मॅक्सवर (एचबीओ मॅक्सचं तेव्हाचं नाव) सुरू झाली, दर गुरुवारी तीन-तीन भाग टाकत ९ नोव्हेंबरला संपलीसुद्धा. चार गुरुवार. आमचे श्रावणी सोमवारसुद्धा याहून ऐसपैस चालतात.

मला ती दाखवली भाचीनं. ती पुण्यात एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओत बॅकग्राउंड रंगवते. २०२४ च्या दिवाळीत घरी आली होती. मी म्हटलं, "या वयात मला कार्टून दाखवतेस होय गं?" ती काही बोलली नाही. माझ्या हातातला सोऱ्या काढून घेतला आणि मांडीवर लॅपटॉप ठेवला. पहिला भाग संपेपर्यंत तिनं चकल्या तळल्या होत्या आणि निम्म्या करपवल्या होत्या. एरवी मी बोलले असते. त्या दिवशी दुसरा भाग लावला.

डेमेटर २२७ नावाचं मालवाहू यान अंतराळात निकामी होतं. त्यातली मोजकी माणसं सुटकेच्या कुप्यांत बसून वेस्टा नावाच्या ग्रहावर येऊन पडतात. बाकीचे प्रवासी वर यानातच गाढ झोपेत. डेमेटर ही ग्रीकांची धान्याची देवी आणि वेस्टा रोमनांची चुलीची. जिथं पावलापावलावर जीव जाऊ शकतो अशा ग्रहाला चुलीच्या देवीचं नाव द्यायचं, हे ज्याला सुचलं त्याला मी घरी जेवायला बोलवीन. गोष्ट तीन ठिकाणी चालते. सॅम आणि उर्सुला हे दोघे यान खाली आणायच्या खटपटीत. अझी आणि तिचा यंत्रमानव लीवाय, यांनी परक्या मातीत मळा लावलाय. आणि तिसरा केमन, एकटा, झाडात अडकलेल्या कुपीत कोंडलेला.

एवढंच सांगितलं तर तुम्ही म्हणाल, असल्या गोष्टी आमच्याकडे पन्नास पडल्यात. पडल्या असतील. पण त्या पन्नासांतला परग्रहावरचा प्राणी म्हणजे बहुधा दात असलेला शत्रू असतो. तो माणसाच्या मागे लागतो, माणूस त्याला मारतो, गोष्ट संपते. वेस्टावरच्या प्राण्यांना माणसाशी काही देणंघेणंच नाही. त्यांचं त्यांचं चाललेलं असतं: खाणं, लपणं, अंडी घालणं, दुसऱ्याच्या अंगावर जगणं. माणूस मध्ये आला तर तुडवला जातो, नाही आला तर नाही. तो ग्रह वैर धरत नाही आणि मायाही करत नाही. सह्याद्रीत पावसाळा काढलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल.

एका प्रसंगावर मी दोन दिवस अडकून पडले होते. उर्सुला एका अजस्र वनस्पतीच्या आत डोकावते. तिथं एक इवलासा जीव जन्माला येतो, त्याला नेमून दिलेलं एकच काम करतो आणि मरतो. त्याच्या त्या मरण्यानं वनस्पतीचं चक्र पुढे सरकतं. त्यात संवाद नाही, कुणी समजावून सांगत नाही. उर्सुला बघते, आपण बघतो. बस.

मी दर वर्षी वर्गात उंबर कापून दाखवायचे. उंबर हे फळ नाहीच, तो आतल्या बाजूला फुलं असलेला बंद गोळा. त्याच्या टोकाशी जेमतेम सुईएवढं भोक. त्यातून एक चिमुकली गांधीलमाशी आत घुसते, घुसताना तिचे पंख तुटून पडतात. म्हणजे ती परत जाणार नाही हे आत शिरतानाच ठरलेलं. ती आतल्या फुलांना अंगावरचे पराग लावते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथंच मरते. पुढे अंड्यांतून नर निघतात, बिनपंखाचे. ते माद्यांशी समागम करतात, बाहेर जायला बोगदा कोरतात आणि त्या बोगद्यातून स्वतः न जाता आतच मरतात. माद्या नवे पराग घेऊन उडून जातात. हे सांगून झालं की वर्गात 'ईऽऽ' व्हायचं आणि एक-दोघं तरी आयुष्यभरासाठी उंबर आणि अंजीर सोडून द्यायची. तर सांगायचं ते असं, की वेस्टावरचा तो प्रसंग ज्यांनी काढला त्यांना हे माहीत आहे. निसर्गात जीव वाया जातो असं आपल्याला वाटतं, पण ते कुणाच्या तरी हिशोबात नीट धरलेलं असतं, हे त्यांना चित्रात दाखवता आलंय. मला ३१ वर्षं खडू झिजवून ते इतकं नेमकं जमलं नाही.

आता केमनबद्दल. ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून वाचावं.

कुपीत कोंडलेल्या केमनला बाहेर काढतो एक छोटा प्राणी, दिसायला गरीब, बेडूक आणि अस्वलाचं पिल्लू यांच्या मधला काहीतरी. याचं नाव हॉलो. तो डोळ्यांत डोळे घालून दुसऱ्याचं मन ताब्यात घेतो. माणूस भेटेपर्यंत तो आपल्या मापात असतो: बारक्या जीवांना भुलवायचं, त्यांच्याकडून फळं आणवायची, खायची. मग त्याला केमन सापडतो, आणि केमनच्या मनात सापडतं अपराधाचं मोठं कोठार. यानावर जे झालं त्याला तो स्वतः कारण आहे, त्याची बायको फियोना गेली आहे, आणि हे त्याला पेलत नाही. हॉलो त्याला तीच माणसं, त्याच आठवणी दाखवत राहतो, तोंडातला काळा रस भरवत राहतो, आणि केमन त्याच्यासाठी शिकारीवर शिकार आणत राहतो. प्राणी फुगत जातो. गरीब जनावर बघता बघता राक्षस होतं.

आमच्याकडे भ्रमर-कीटकाचा एक जुना दृष्टांत आहे. कुंभारमाशी अळीला उचलून मातीच्या घरट्यात आणून कोंडते. अळीला भीतीनं तिचाच ध्यास लागतो आणि ध्यास लागून लागून अळीची माशी होते. भक्तानं देवाचा असा ध्यास धरावा, म्हणजे तो देवच होईल. दृष्टांत देखणा आहे आणि कीटकशास्त्र साफ चुकलेलं. खरं काय होतं तर माशी घरट्यात आधी अंडं घालते, मग अळीला नांगी मारून लुळी करून तिथं आणते, घरटं लिंपून निघून जाते. अंड्यातून निघालेलं पिल्लू त्या अळीला जिवंतपणी खातं आणि माशी होऊन बाहेर पडतं. बघणाऱ्याला वाटतं, अळीचीच माशी झाली. मी हे वर्गात सांगायचे तेव्हा एखादं वारकरी घरातलं पोर नाराज व्हायचं, मला वाईटही वाटायचं. केमन आणि हॉलोमध्ये मला हे दोन्ही एकाच वेळी दिसलं, ध्यासही आणि नांगीही. केमन खाल्ला जातोय तो ध्यासामुळेच. असा विचार चित्रांतून करणारी माणसं तुमच्याकडे कामाला होती आणि तुम्ही त्यांना 'धन्यवाद' म्हणून वाटेला लावलंत.

सॅमच्या अंगात परजीवी शिरतो आणि हळूहळू सॅमचं अंग सॅमचं राहत नाही, त्याबद्दल मी लिहीत नाही. तो भाग मी एकदाच पाहिलाय.

लीवायबद्दल मात्र लिहायलाच हवं. त्या यंत्रमानवाच्या आत, तारांमध्ये, ग्रहावरचं काहीतरी वाढू लागतं, बुरशीसारखं. आपण वाट बघतो की आता हा बिघडणार आणि अझीवर उलटणार, कारण इतक्या गोष्टींनी आपल्याला तीच सवय लावून ठेवलीय. तसं होत नाही. तो न सांगितलेली कामं करू लागतो, थांबून बघू लागतो, त्याला काहीतरी वाटू लागतं. ही लागण नाही, सोबत आहे. आमच्या गोड्या मसाल्यात दगडफूल घालतात. ते फूल नाही आणि नुसती बुरशीही नाही. बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेला संसार आहे तो. बुरशी घर देते, शेवाळ उन्हातून अन्न करतं, आणि दोघं मिळून उघड्या कातळावर जगतात, जिथं एकेकट्यानं जगणं अवघड. लीवाय हे दगडफूल आहे. हे मी भाचीला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की चहा सांडला, पण पुढच्या वेळी आली तेव्हा माझ्यासाठी दगडफुलातून डोकं वर काढणारा एक लीवाय रंगवून घेऊन आली. तो फ्रिजवर लावलाय.

हे सगळं डोळे झाकून केलेलं कौतुक नाही. शेवटाकडे दुसरीकडून येऊन मिळणारं त्रिकूट मला कच्चं वाटलं, माणसांचे संवाद काही ठिकाणी प्राण्यांच्या गप्प बसण्यापेक्षा फिके पडतात, आणि अझीचा पूर्वेतिहास आणखी हवा होता. पण हे दुसऱ्या सीझनमध्ये भरून निघण्यासारखं होतं. तिथंच घोडं अडलंय.

आता तुमच्या दप्तरातल्या तारखा तुम्हालाच सांगते. १० मे २०२४ च्या सुमारास बातमी आली की मॅक्सनं मालिका थांबवली. त्याच बातमीत होतं की नेटफ्लिक्सनं पहिला सीझन दाखवायला घेतलाय, लोकांनी उचलून धरला तर दुसऱ्याचा विचार होईल. ३१ मे ला तो नेटफ्लिक्सवर आला. जुलैत अमेरिकेतल्या टीव्हीच्या एमी पुरस्कारांची नामांकनं जाहीर झाली आणि उत्कृष्ट अ‍ॅनिमेशन मालिकांच्या यादीत हिचं नाव होतं. म्हणजे आधी घरातून काढलं आणि मग गावानं सत्काराला बोलावलं. पुरस्कार शेवटी नेटफ्लिक्सच्याच दुसऱ्या एका मालिकेला गेला, त्याबद्दल तक्रार नाही. वर्ष संपायच्या आत कळलं की नेटफ्लिक्सही दुसरा सीझन करणार नाही. जोसेफ बेनेट आणि चार्ल्स ह्यूटनर या दोन निर्मात्यांनी दुसऱ्या सीझनसाठी केलेल्या कामाची छोटी झलक तेव्हा लोकांपुढे ठेवली. करायचं काय हे त्यांना माहीत होतं. करायला जागा नव्हती.

तुम्ही म्हणाल, बघणारे कमी पडले. पडलेही असतील. पण मोजलंत कसं? नेटफ्लिक्सची मंडळी सर्वाधिक लोकप्रिय मालिकांची यादी लावताना पहिले ९१ दिवस धरतात. आधी २८ दिवसच धरायचे, २०२३ च्या जूनपासून ९१ केले. हळूहळू पसरणाऱ्या गोष्टींना वेळ मिळावा म्हणून केले असणार. म्हणजे अडचण तुमच्याही लक्षात आली होती. फक्त तुमचं 'हळूहळू' अजून तीन महिन्यांतच संपतं.

आमच्या डोंगरांत कारवी असते. सात-आठ वर्षं ती नुसती हिरवी झुडपं होऊन उभी राहते. येणारे-जाणारे तिच्याकडे बघतही नाहीत. तिच्या काठ्या कुडाच्या भिंतींना वापरतात, एवढाच तिचा लौकिक. मग एका वर्षी डोंगरच्या डोंगर एकदम जांभळा होतो, मधमाश्या वेड्या होतात, गाड्यांच्या रांगा लागतात. फुललेली कारवी त्यानंतर मरते. पण मरायच्या आधी तिचं बी धरतं, वाळतं, तडतडून फुटतं आणि खाली पडतं. पुढच्या सात-आठ वर्षांची सोय त्या बियांत असते. म्हणून आमच्याकडची जाणती माणसं फुललेली कारवी तोडू देत नाहीत. हौशी लोक तोडतात.

२०१६ साली बेनेट आणि ह्यूटनर यांनी अ‍ॅडल्ट स्विम या प्रौढांसाठीच्या कार्टून वाहिनीसाठी सात-आठ मिनिटांचा एक लघुपट केला होता. दोन माणसं, परका ग्रह, आणि प्राण्या-वनस्पतींची एक लांबलचक साखळी; ते एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं असं करत जातात आणि कशासाठी, तर क्षणभर घरचं काहीतरी दिसावं म्हणून. संवाद जवळजवळ नाहीतच. त्या बियातून ही मालिका आली २०२३ मध्ये. मोजा. सात वर्षं. मध्ये हजारो चित्रं, कुणाच्या तरी पाठीची वाट, कुणाच्या तरी डोळ्यांची. ते फूल तुम्ही चार गुरुवारांत दाखवलंत आणि सात महिन्यांत खुडलंत, बी धरायच्या आत.

पैसे तुमचे होते, हे मी विसरलेले नाही. पहिला सीझन कुणीतरी हिमतीनं मंजूर केला म्हणूनच मी हे पत्र लिहू शकते. तो अधिकारी अजून तुमच्याकडे असेल तर त्याला माझा नमस्कार सांगा. आणि एचबीओ मॅक्स ज्यांचं, त्या वॉर्नरच्या घराला या माणसांवर भरवसा नाही असंही नाही. बेनेट यांनी स्टीव्ह हेली यांच्यासोबत केलेली पुढची मालिका फेब्रुवारी २०२५ मध्ये अ‍ॅडल्ट स्विमवरच आली. कोणताही आजार बरा करणाऱ्या अळंबीची गोष्ट आहे ती. बुरशीनं काही त्यांची पाठ सोडली नाही. तिचा दुसरा सीझनही मंजूर झाला. म्हणजे माणूस चालतो, बुरशी चालते, वेस्टा तेवढा चालत नाही.

मला वाटतं, यात 'प्रौढांसाठी' या शब्दाचा घोळ आहे. तुमच्याकडे प्रौढांसाठीचं अ‍ॅनिमेशन म्हटलं की शिव्या, टोमणे, घरातल्या घरात चाललेली भांडणं आणि बाप मूर्ख, हे ठरून गेलंय. त्यात वाईट काही नाही, मीही हसते. पण प्रौढ माणूस म्हणजे ज्यानं मरण जवळून पाहिलंय, ज्याच्या हातून कधी न भरून येणारी चूक झालीय, आणि जो तरीही उठून सकाळी चहा टाकतो. केमन त्याच्यासाठी आहे. आणि आमच्याकडेही परिस्थिती फार वेगळी नाही, हे कबूल करते. 'कार्टून' हा शब्द मीच आधी वापरला होता.

भाचीचं एक सांगायचं राहिलं. तिनं मागं आठ महिने एका परदेशी मालिकेच्या जंगलाची चित्रं रंगवली. मालिकेचं नाव ती मला अजून सांगत नाही, करारात बंदी आहे. तेव्हा फोनवर सारखी विचारायची, मावशी, वडाच्या पारंब्या जमिनीला टेकल्या की त्यांची साल बदलते का? ओल्या मातीत आणि कोरड्या मातीत फरक पडतो का? मी एकदा तिला कॉलेजमागचा वड दाखवायला नेलं, दोन तास ती साल चाचपत बसली. एके दिवशी सगळ्यांना मेल आला की मालिका बंद. रंगवलेलं सगळं कुठल्यातरी सर्व्हरवर आहे; ती स्वतःचंच काम कुणाला दाखवू शकत नाही, नोकरीसाठी अर्ज करतानासुद्धा नाही. जुन्या सिनेमावाल्यांकडे याला शब्द होता, चित्रपट 'डब्यात' गेला. पण डबा निदान हातात धरता यायचा. माळ्यावरून एखादा डबा तीस वर्षांनी निघायचा, गंजलेला का होईना. तुमच्या डब्याला पत्राच नाही.

आणि हे भय मी उगाच घालत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये एचबीओ मॅक्सनं ३६ मालिका-कार्यक्रम एका फटक्यात आपल्या सेवेवरून काढून टाकले, त्यात अ‍ॅनिमेशनचे बरेच होते. ज्यांनी ते केले होते त्यांच्यापैकी काहींना बातमी वाचून कळलं. ज्या कंपनीनं मे २०२३ मध्ये आपल्या नावातलं 'एचबीओ' काढलं आणि जुलै २०२५ मध्ये परत लावलं, तिला स्वतःचं नाव गेलं की कसं वाटतं याची थोडी कल्पना असायला हरकत नाही.

तर मागणं असं. दुसरा सीझन तुम्हीच करा असा माझा हट्ट नाही. तुम्हाला परवडत नसेल तर नका करू. पण वेस्टाचे हक्क ज्या कुणाच्या कपाटात आहेत त्यांनी ते अडवून धरू नयेत. बेनेट-ह्यूटनर यांनी दुसरं दार ठोठावलं, लहान कंपनी असो, दुसऱ्या देशातली असो, तर वाजवी किमतीला ते मोकळे करा. किंमत एवढी सांगू नका की विचारणाऱ्यानं परत विचारूच नये. आमच्याकडे भाऊबंदकीत जमिनी अशाच पडीक राहतात: कसायचं नाही आणि विकायचंही नाही. आणि हे बारा भाग कुठंतरी कायम राहतील असं बघा. चकतीवर काढा, ग्रंथालयांना द्या, अ‍ॅनिमेशन शिकवणाऱ्या संस्थांना द्या. स्टोरीबोर्ड आणि प्राण्यांच्या जीवनचक्रांचे आराखडे त्यांच्याकडे ढिगानं असणार, त्यांचं पुस्तक काढायची परवानगी द्या. मी दोन प्रती घेईन. एक भाचीला.

ज्यांनी ती चित्रं काढली त्यांना तरी ती दाखवायची मुभा असू द्या, ही शेवटची विनंती, आणि ती फक्त वेस्टापुरती नाही.

उत्तर आलं नाही तरी मला आश्चर्य वाटणार नाही. मंडळाच्या पुस्तकातल्या चुकांबद्दल मी नोकरीत असताना अकरा पत्रं लिहिली होती, त्यातल्या एकाला पोच आली होती आणि पुढच्या आवृत्तीत परागकोशाची आकृती दुरुस्त झाली होती. अकरात एक. माझ्या दृष्टीनं बरं प्रमाण आहे.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका,
सातारा

ता. क. : शेजारच्या तीन मुलांना मी उन्हाळ्याच्या सुट्टीत एक काम दिलं होतं: कुठंही नसलेला एक प्राणी काढायचा, पण तो काय खातो, त्याला कोण खातं आणि त्याची पिल्लं कुठं वाढतात हे सांगता आलं पाहिजे. सर्वांत धाकटीनं एक गोगलगाय काढली. तिच्या शंखात पावसाचं पाणी साठतं, त्यात डासांची अंडी, डासांवर बेडकी, आणि बेडकीला गिळायला आलेला साप शंखात अडकतो आणि गोगलगाय त्याला वर्षभर पुरवून खाते. गोगलगायीला दात असतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. असतात. चित्र सोबत जोडते आहे, हक्क तिचे आहेत.